उलटा मासा

आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणा आला, त्याने मोटरसायकल स्टँडला लावली आणि आत जाऊन पाण्याचा तांब्या हातात घेतला, की तेवढ्या वेळात बाहेर त्याच्या गाडीच्या मागच्या चाकापाशी एक माणूस उकिडवा बसलेला असतो. पांढरे केस, कपाळावर चढवलेला चष्मा, शर्टाच्या खिशात पक्कड आणि नाक जवळजवळ साखळीला टेकलेलं. नवखा पाहुणा धावतच बाहेर येतो. त्याला वाटतं, पेट्रोल गेलं! तो माणूस मात्र गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठतो, चष्मा डोळ्यांवर घेतो आणि मोठ्या डॉक्टरने निदान सांगावं तशा आवाजात म्हणतो, "मासा उलटा हाय."

त्या वेळी पाहुण्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. मी गॅसवरची भाजी तशीच टाकून खिडकीत येते. दोनदा करपली आहे.

हे शलमोन साळवे. केडगावातले आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या अंगणात कमरेएवढी भिंत. नागापूरच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी फिटर म्हणून काढली आणि नोकरीत असल्यापासूनच अंगणात पत्र्याची शेड टाकून गल्लीच्या मोटरसायकली दुरुस्तीला घेतात. सरळ माणूस. रविवारची उपासना चुकवत नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. फक्त हे एवढं एक वेड.

मासा म्हणजे काय ते आधी सांगते. मी शाळेत गणित शिकवते, तरी मला ते समजायला दोन वर्षं लागली. मोटरसायकलच्या साखळीची दोन टोकं जिथे जोडतात तिथे एक क्लिप असते, जेमतेम नखाएवढी. एका बाजूला गोल आणि बंद, दुसऱ्या बाजूला दुभंगलेली. म्हणजे इकडे डोकं, तिकडे शेपटी. साखळी ज्या दिशेने पळते त्या दिशेला डोकं पाहिजे. साखळीपाशी बसलं की गाडीचं पुढचं चाक आपल्या डाव्या हाताला येतं, तेव्हा वरच्या साखळीवर माशाचं डोकंही डाव्या हाताला. उलटा बसला तर एखादा खडा शेपटीत अडकतो, क्लिप उडते, साखळी सुटते आणि पुढचं मला सांगवत नाही. बाकीचे मेकॅनिक त्याला नुसतं 'लॉक' म्हणतात. मासा हे शलमोनभाऊंनी ठेवलेलं नाव.

काही गाड्यांची साखळी झाकणात बंद असते. त्यांना एक रबरी बूच असतं. शलमोनभाऊ ते नखाने उचकटतात आणि मासा भोकासमोर येईपर्यंत गाडी पुढे-मागे ढकलत राहतात. परक्याची गाडी भर दुपारी कुणी असं ढकलताना दिसलं की लोकांना जे वाटायचं तेच वाटतं. त्यांना दोनदा धक्काबुक्की झाली आहे. एकदा तर हेल्मेट नाही म्हणून चौकातल्या हवालदाराने त्यांना बाजूला घेतलं. त्याने पावतीपुस्तक काढून वर बघितलं तर हे गायब. हवालदाराच्याच गाडीमागे जाऊन बसलेले. मासा उलटा निघाला. हवालदार बिचारा फुटपाथवर उभा राहिला आणि यांनी तो जागेवर सुलटा करून दिला. जाताना हवालदाराने सलाम केला म्हणतात. मी बघितलेला नाही, पण शलमोनभाऊ खोटं बोलत नाहीत.

माझ्या पुतणीच्या लग्नात मात्र कमाल झाली. आपल्याकडे लग्नात मान्यवरांची नावं माईकवर पुकारायची पद्धत आहे. सरपंच झाले, माजी सरपंच झाले, आणि अचानक ओळखीचा आवाज आला. "काळी गाडी, शीटवर वाघाचं चित्तर, कुणाची हाय? मासा उलटा हाय. जेवायच्या आदी बाहेर या." ती गाडी नवरदेवाच्या मामांची. आपल्या मिरवायच्या गाडीची अशी चारचौघांत लाज काढली म्हणून मामा रुसून बसले. त्यांची समजूत काढताना माझ्या दिरांना घाम फुटला. शलमोनभाऊ तोपर्यंत पार्किंगमध्ये पोचून पक्कड चालवत होते.

माझी बिनसाखळीची स्कुटी त्यांच्या लेखी गाडीच नाही. "बाई, तुमची शिलाई मशीन काय म्हनती?" असं रोज सकाळी भिंतीवरून विचारतात. वर दिलासा देतात, "तुमाला भ्या न्हाई. तुमच्यात मासाच न्हाई."

त्यांच्या शेडमध्ये सोड्याच्या बाटल्यांचे दोन रिकामे क्रेट पालथे घातलेले आहेत, समोरासमोर, मधे एक फळी. एका क्रेटवर ते बसतात आणि फळीवर साखळ्या, मासे, सुटे भाग मांडून काम करतात. समोरचा क्रेट रिकामा. मी गल्लीत नव्याने राहायला आले तेव्हा एकदा गप्पा मारता मारता त्याच्यावर टेकले. "त्याच्यावर नगा बसू," ते म्हणाले. चांगली खुर्ची आणून दिली, चहा दिला, पण उठवलंच. नंतर त्यांच्या मार्थाबाईंनी सांगितलं, तो क्रेट रिबेकाचा.

रिबेका ही एकुलती एक मुलगी. पाचवी-सहावीत असल्यापासून शाळा सुटली की दप्तर टाकून त्या क्रेटवर येऊन बसायची आणि बापाचे हात बघायची. शिकवायची त्यांची रीत ठरलेली. "इचारायचं न्हाई. बघायचं." पोरीने तसं बघून बघून सगळं उचललं. पुढे तिला मातीतल्या शर्यतीचं वेड लागलं. बापाने जुनी गाडी घेऊन तिच्यासाठी स्वतः तयार केली. तिने सगळं करायचं, पण मासा लावायचा तो बापानेच, हा घरातला कायदा.

बारावीत असताना एमआयडीसीच्या मागच्या माळावर शर्यत झाली. पोरगी शेवटच्या फेरीत पहिली होती. अख्खी गल्ली दोरीला लागून ओरडत होती म्हणे. आणि वळणावर साखळी सुटली. पोरगी चार हात उडून पडली, खांद्याजवळचं हाड मोडलं. हाड दोन महिन्यांत जुळलं. पण त्या दिवसापासून शलमोनभाऊंनी तिच्या गाडीला हात लावला नाही. पुढे ती पुण्याला कंपनीत लागली, स्वतःच्या कमाईची मोटरसायकल घेऊन दाखवायला आली, तर हे घरात निघून गेले. जगातल्या सगळ्या गाड्यांखाली वाकणारा माणूस, पोटच्या पोरीच्या गाडीकडे मान वळवून बघेना. अकरा वर्षं हे असं चाललं होतं.

आणि दोघं बोलत नव्हते असंही नाही. बोलत होते, पण मार्थाबाईंमार्फत. "तिला म्हनावं जेवून घे." "त्यांना सांग, जेवले." मार्थाबाई म्हणायच्या, "बाई, मी बायको न्हाई, मी टेलिफोन हाये."

तर गेल्या महिन्यात पुणे रस्त्याला, कामरगावच्या पुढे, कुणा शर्यतवेड्या उद्योजकाने शर्यतीच्या गाड्यांचं संग्रहालय उघडलं. रिबेकाने तीन तिकिटं काढली. आई, बाप आणि आपण. ऐन वेळी मार्थाबाईंनी गुडघे पुढे केले. "आज टेलिफोनला सुट्टी. बाई, तुमी जा." मला मोटारींतलं शून्य कळतं. पण माझ्यात कुतूहल भरपूर आहे, आणि ते दडवायची मला सवय नाही. मी साडी बदलून पाच मिनिटांत रिबेकाच्या मोटारीत.

शलमोनभाऊ मागे बसले होते. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, खिशात पक्कड. मला रिबेकाशेजारी पुढे बसवलं. केडगाव संपेपर्यंत कुणी बोललं नाही. पुढे एका टपरीवर थांबून गाडीतच चहा मागवला तेव्हा शलमोनभाऊ टपरीसमोरच्या मोटरसायकली बघायला गेले आणि रिबेका घाईघाईने माझ्याकडे वळली.

"बाई, मी पुन्हा शर्यतीला नाव दिलंय. डिसेंबरमध्ये आहे."

"अगं!" माझा चहा बशीत सांडला.

"अठ्ठावीस वर्षांची झाले. आता नाही तर कधीच नाही. पण गाडी पप्पांनीच लावून दिलेली पाहिजे मला. दुसऱ्या कुणाचा हात लागलेली गाडी घेऊन मी उतरणार नाही. आज विचारणार आहे." ती स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसली होती. "नाही म्हणाले तर नाव मागे घेईन. तुम्ही फक्त मधे राहा."

बाहेरून शलमोनभाऊंचा आवाज आला, कुणा मोटरसायकलवाल्याला सांगत होते, "बरूबर हाय. घ्या, च्या घ्या."

संग्रहालय म्हणजे एक भलंमोठं गोदाम. पण आत पाऊल टाकलं आणि खरं सांगते, माझ्याही अंगावर काटा आला. छताला दिवे, खाली गुळगुळीत फरशी आणि तिच्यावर लाल, पिवळ्या, निळ्या गाड्या, जमिनीला पोट टेकवून बसलेल्या. भिंतभर हेल्मेटं. एक इंजिन मधोमध कापून ठेवलेलं. बटण दाबलं की आतला दट्ट्या वर-खाली होतो. शलमोनभाऊंनी ते बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मागे शाळेची सहल आली होती, त्यातली मुलं रांगेत खोळंबली. "काका, आता आमाला दाबू द्या," असं एक मुलगी म्हणाली तेव्हा कुठे ते हलले.

एका शर्यतीच्या मोटारीला चाकापासून टपापर्यंत चिखल फासलेला. मी म्हटलं, "यांना निदान धुऊन तरी ठेवायची." शलमोनभाऊंनी माझ्याकडे दयेने बघितलं. "बाई, चिखूल म्हंजीच ती गाडी. तेवढाच बगायचा." मग जवळ जाऊन म्हणाले, "लाल हाय. आपल्याकडचा न्हाई. आपला काळा."

पुढे गाड्यांचे आवाज ऐकायची सोय होती. त्यांनी हेडफोन कानाला लावले, डोळे मिटले. दोन मिनिटं गेली. आम्हाला वाटलं, रमले. डोळे उघडून त्यांनी तिथल्या रखवालदाराला बोलावलं. "हिच्या इंजनाचं टॅपेट वाजतंय."

"काका, ती टेप हाय," रखवालदार म्हणाला. कामरगावचाच गडी असावा, नवा कडक गणवेश घालून अवघडून उभा होता.

"असंल. पन टेप करायच्या आदी बगायला पायजे हुतं."

रिबेका तोंडावर हात ठेवून हसली. बापाच्या लक्षात आलं, तेही गालात हसले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि चटकन माझ्याकडे बघितलं. मी मधे राहायला आले होते, तशी राहिले.

मग तो खेळ आला. खऱ्या गाडीसारखी शीट, हँडल आणि समोर पडद्यावर पळणारा रस्ता. रिबेका बसली. सुरुवातीला नुसती गंमत म्हणून, पण तिसऱ्या वळणानंतर तिचे खांदे खाली झुकले, कोपरं बाहेर आली आणि ती वेगळीच कुणीतरी झाली. शाळेची मुलं भोवती गोळा झाली. ती एकेक गाडी मागे टाकत चालली. मुलं ओरडायला लागली, मी ओरडायला लागले. मी, जी वर्गात टाचणी पडलेली ऐकू आली पाहिजे म्हणते! आणि या सगळ्यांच्या वर एक आवाज उठला.

"आदी ब्रेक! आदी ब्रेक मार, मग वळव! हां! आता सोड! सोड तिला, रिबे, सोड!"

शलमोनभाऊ मुठी आवळून उभे होते, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आलेला. रिबेका पहिली आली. उठली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता. ती काहीतरी बोलणार, हे मला दिसलं. आता विचारते, आता विचारते, म्हणून मी मधे राहायला पुढे सरकले.

तेवढ्यात शलमोनभाऊंना पलीकडची मोटरसायकल दिसली.

जुनी मातीतल्या शर्यतीची गाडी होती. उंच चौथऱ्यावर, भोवती मखमली दोरी, पुढे 'हात लावू नये' अशी पाटी. शलमोनभाऊ तिच्याकडे गेले. वाकले. आणि तसेच राहिले. मग त्यांनी सरळ दोरी उचलली आणि आत शिरले. कुठेतरी भोंगा वाजायला लागला.

"ओ काका! बाहेर या!" रखवालदार धावला.

"मासा उलटा हाय," शलमोनभाऊ म्हणाले.

"कंचा मासा? हितं मासं न्हाईत! बाहेर या म्हनतो ना!"

भोंगा ऐकून आतून व्यवस्थापक आले. तरुण, गळ्यात ओळखपत्र, बोलायला फार गोड. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, तुमचं बरोबर असेल. पण ही गाडी कधीच चालणार नाहीये. ही कायम इथेच उभी राहणार."

"तरी उलटा हाय." शलमोनभाऊ उठायला तयार नव्हते. "ही पोरंसोरं बगत्यात. बगून शिकत्यात. उलटा कसा ठिवायचा?"

"पुरे, पप्पा!"

रिबेका एवढ्याने ओरडली की भोंगाही तेव्हाच थांबला.

"पुरे झालं! अकरा वर्षं. येईल त्याच्या गाडीखाली वाकायचं आणि मला ऐकवायचं. मासा उलटा, मासा उलटा! लग्नात, बाजारात, रस्त्यावर. एकदा माझ्या तोंडावर म्हणा ना, रिबे, तू उलटा लावलास! म्हणा आणि मोकळे व्हा!"

शलमोनभाऊंनी मान वर केली. त्यांना काही समजलेलंच नव्हतं.

"तू?" ते म्हणाले. "तू कशाला लावशील? म्या लावला हुता. आदल्या दिशी. ह्या हातानं."

"तुम्ही आदल्या दिवशी लावलात. रविवारी सकाळी तुम्ही चर्चला गेलात तेव्हा मी साखळी उतरवली, रॉकेलमध्ये धुतली आणि परत चढवली. मासा मीच लावला. शर्यत जिंकले की सांगणार होते तुम्हाला, की बघा, मी लावलाय." तिचा आवाज फाटला. "मला वाटलं, तुम्हाला कळलंय. म्हणून तर माझ्या गाडीला हात लावत नाही."

शलमोनभाऊ खालीच बसून राहिले. "न्हाई गं," ते म्हणाले. "साखळी सुटली तवाच म्या मनाशी धरलं, मासा उलटा बसला. दुसरं कारनच न्हाई. आन लावनारा मीच. माझ्या हातानं माझी पोरगी पाडली म्या. मग परत कसा हात लावू? भ्या वाटायचं."

मी इतकी वर्षं खिडकीतून भाजी करपवत या माणसाला हसत आले होते. मला माझी फार लाज वाटली. तो लोकांना धडे देत नव्हता, मुलीला टोमणे मारत नव्हता. आपल्या हातून एकीचं झालं ते दुसऱ्या कुणाचं होऊ नये म्हणून दारोदार वाकत होता. आणि ज्या मुलीसाठी वाकत होता ती प्रत्येक वेळी मनातून मार खात होती.

"दाव," शलमोनभाऊ एकदम उठले. "कसा लावला हुता, दाव मला."

रिबेकाने इकडेतिकडे बघितलं. मी माझ्या केसांतली क्लिप काढून दिली. एका बाजूला गोल, एका बाजूला निमुळती. तिने ती शेजारच्या काचेच्या पेटीवर ठेवली. "अशी. डोकं उजव्या हाताला. तुम्ही लावायचात तस्संच."

शलमोनभाऊ पेटीच्या पलीकडून, तिच्या समोरून बघत होते. त्यांनी चष्मा सारखा केला. वाकले. "बरूबर तर हाय की!"

"बरोबर कसं असेल, पप्पा? सुटली ना साखळी!"

"आगं पन बरूबर हाय! डोकं डाव्या हाताला हाय!"

"उजव्या!"

"डाव्या!"

दोघं क्लिपवरून भांडायला लागले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शाळेत कवायत घेताना आम्ही मुलांच्या समोर उभ्या राहतो. मुलांनी उजवा हात वर करायचा असेल तर आम्ही डावा करतो. नाहीतर पोरं बघून बघून बरोब्बर उलटं करतात. नोकरीला लागल्याच्या पहिल्या आठवड्यात हे शिकावं लागतं. फिटरला कोण शिकवणार?

"शलमोनभाऊ," मी म्हटलं, "तुम्ही जरा इकडे या. रिबेकाच्या शेजारी उभे राहून बघा."

ते वळसा घालून आले. तिच्या शेजारी उभे राहिले, क्लिपकडे बघितलं. मग परत समोर गेले. पुन्हा शेजारी आले. रखवालदार, व्यवस्थापक, सहलीची मुलं, सगळे त्यांच्याबरोबर माना फिरवत होते.

"म्या हितं बसायचो," ते हळूच म्हणाले. "तू तितं. समूर."

"हो."

"माझा डावा त्यो तुजा उजवा."

रिबेकाने क्लिप उचलून उलटसुलट करून बघितली.

"आन इचारायचं न्हाई, बगायचं, आसं म्याच सांगितलं. तू बगितलंस. बरूबर बगितलंस पोरी, जसंच्या तसं. म्याच उलटा शिकिवला. म्हंजी चूक माझीच!"

एवढ्या वर्षांची चूक हातातून जाते की काय म्हणून भेदरलेला माणूस, ती परत मिळाल्यावर चक्क खूश झाला. रिबेका म्हणाली, "अजिबात नाही. न सांगता साखळी मी काढली. चूक माझी." ते म्हणाले, "गप. बापाला शिकवती." ती म्हणाली, "तुम्ही गप." आणि मग ती त्यांच्या इस्त्रीच्या शर्टात तोंड खुपसून रडायला लागली. ते तिच्या डोक्यावर थोपटत होते, पक्कड तिला टोचू नये म्हणून दुसऱ्या हाताने खिसा धरून. मी रडले. कुणी बघत नव्हतं असं नाही, पण रडले.

व्यवस्थापक पुढे येऊन म्हणाले, "काका, तो मासा, म्हणजे ती क्लिप. तुम्हीच आता नीट करून द्या."

शलमोनभाऊंनी पक्कड काढली. आणि रिबेकाच्या हातात दिली. "तू लाव."

ती चौथऱ्यावर साखळीच्या बाजूला मांडी घालून बसली. शलमोनभाऊ सवयीने गाडीला वळसा घालून समोर निघाले होते. दोन पावलं गेले आणि थांबले. परत आले आणि तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून, एकाच अंगाला बसले. तिने मासा काढला, पुसला, फिरवला. चट् असा बारीक आवाज झाला.

"बसला," ती म्हणाली.

रखवालदारालाही आता माशात रस वाटायला लागला होता. तो वाकून म्हणाला, "काका, एकडाव नजर टाका ना, बरूबर बसलाय का ते."

हवालदाराची, मामांची, पाहुण्यांची, कुणाचीही साखळी बघितल्याशिवाय न सोडणारा तो माणूस गुडघ्यावर हात टेकून उठला. पँट झटकली.

"बगायचं काय त्यात?" ते म्हणाले. "तिनं लावलाय."

परत येताना मला न विचारता मागे बसवण्यात आलं. पुढे बापलेकींची जी जुंपली ती साखळीचक्राला दात किती हवेत, यावरून. रिबेकाने डिसेंबरची शर्यत केव्हा सांगितली, ते मला नेमकं ऐकू आलं नाही, एवढंच ऐकू आलं, की शलमोनभाऊ म्हणाले, "गाडी कुटं हाय?" ती म्हणाली, "पुण्यात." ते म्हणाले, "मग आन की. नुसती बोलत काय बसलीस?" केडगाव आलं तरी माझ्याशी कुणी एक अक्षर बोललं नाही. माझं काम संपलं होतं. घरी पोचल्यावर मार्थाबाईंनी दारातच दोघांना तावातावाने भांडत येताना बघितलं आणि माझ्याकडे बघून कानाला रिसिव्हर लावावा तसा हात लावून तो खाली ठेवल्याची खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघताना भिंतीवरून नेहमीचा आवाज आला. "बाई, शिलाई मशीन काय म्हनती?"

मी शेडकडे बघितलं. समोरचा क्रेट जागेवर नव्हता. तो उचलून त्यांनी आपल्या क्रेटच्या शेजारी, त्याच अंगाला ठेवला होता, आणि ओल्या फडक्याने पुसत होते. मला राहवलं नाही. "बसून बघू का जरा?" मी विचारलं.

"नगा," शलमोनभाऊ म्हणाले. "ती रविवारी येनार हाय."